कोरड्या तलावातल्या टकरी

येरमाळ्याजवळच्या एका गावात मी नर्स म्हणून रुजू झाले, ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. वय बावीस. आमच्या बौद्ध वस्तीत पगारी नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. दवाखान्याला स्वतःची गाडी नव्हती. दुष्काळी कामांवर गावोगावची माणसं गोळा व्हायची, तिथं कॉलऱ्याची लस टोचायला जायचं तर एक एसटीची वाट बघायची, नाहीतर दूध सोसायटीच्या जीपमध्ये जागा मागायची. जीपच मला बरी वाटायची. चाऱ्याअभावी दुधाचे कॅन निम्म्यानं कमी झाले होते, त्यामुळं मागं बसायला ऐसपैस जागा मिळे.

जीप चालवणाऱ्यांना सगळं गाव मामा म्हणायचं. काटकुळे, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी सोसायटीचे चेअरमन बसत. सहा फूट उंच, झुबकेदार मिशा, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. चेअरमनांना वजनदार वस्तूंची आवड होती. बैल घेतला तर रस्ता हादरला पाहिजे, घराचं दार लावलं तर पलीकडच्या आळीला कळलं पाहिजे.

एके दिवशी सकाळी आम्ही निघालो. गावाबाहेरच्या वळणावर शेळ्यांचा कळप अचानक रस्त्यात आला. मामांनी जीप वळवली आणि ती सरळ लिंबाच्या झाडावर जाऊन आदळली. वेग काही फार नव्हता, सायकल जोरात मारली तर होईल तेवढाच. पण मामांची छाती स्टिअरिंगवर आपटली आणि चेअरमनांचं कपाळ पुढच्या लोखंडी पट्टीवर. मी मागं होते. कॅनमध्ये अडकून माझा गुडघा सुजला, एवढंच.

मामांच्या दोन बरगड्यांना मार बसला होता. चेअरमनांच्या कपाळाला मी दवाखान्यात चार टाके घातले. टाके घालताना ते एकदाही हलले नाहीत, पण बोलायचेही थांबले नाहीत.

"ही जीप म्हणजे पत्र्याचा डबा हाय सिस्टर. आता दणकट मोटार घ्यायची. झाडावर गेली तर झाड पडलं पायजे."

त्यांचं बोलणं ऐकत मी लशीची पेटी उघडली. आतल्या बाटल्या फुटल्या असणार आणि वर लेखी खुलासा द्यावा लागणार, या विचारानं माझा जीव अर्धा झाला होता. बघते तर एकही बाटली फुटलेली नव्हती. पेटी उड्या मारू नये म्हणून रोजच्या सवयीनं मी ती सीटच्या लोखंडाला जुन्या बँडेजनं आवळून बांधली होती.

मी पेटी घेऊन चेअरमनांसमोर उभी राहिले. "साहेब, ह्या काचेच्या बाटल्या. एक फुटली नाही. आणि तुमच्यासारखा पैलवान माणूस फुटला. असं कसं झालं?"

"बाटल्या बांधलेल्या व्हत्या की," कॉटवर पडलेले मामा कण्हत म्हणाले.

"मग आता काय म्याबी स्वतःला बांधून घेऊ? म्या काय बैल हाय?" असं म्हणून चेअरमन हसायला गेले आणि टाके ओढले म्हणून गप्प झाले.

जीप ओढत नेली हमरस्त्यावरच्या मिस्त्रींकडं. मिस्त्री म्हातारे होते. निजामाच्या काळात हैदराबादेत मोठमोठ्या मोटारींचे पत्रे ठोकून सरळ करायचं काम शिकलेले. त्यांच्या आवारात दोन मोडीत काढलेल्या गाड्या पडल्या होत्या. एक लांबलचक जुनी विलायती मोटार, दुसरी लहानशी देशी. दोन्हींची इंजिनं कधीच काढून नेलेली. पुढच्या आठवड्यात चेअरमन जीप बघायला निघाले तेव्हा टाक्यांकडं लक्ष ठेवायच्या निमित्तानं मीही गेले. खरं म्हणजे मला उत्सुकता होती.

चेअरमनांनी विलायती मोटारीच्या नाकावर थाप मारली. "मिस्त्री, आसली पायजे. बघा, कसं लोखंड हाय!"

मिस्त्रींनी विडी विझवली. "साहेब, ही मोटार दोनदा ठोकून माझ्याकडं आली. दोन्ही बारीला हिला खरचटलंसुद्धा न्हाय. पण आतली माणसं बैलगाडीत आडवी घालून पाठवायला लागली."

"आन ही बारकी?"

"हिचं तोंड दर बारीला चेचून येतं. माणसं मात्र चालत येतात आन वरून माझ्याशी भांडतात."

"काय तरीच सांगता राव!"

"तजुर्बा हाय साहेब. लोखंड वाकलं तर मार लोखंडानं खाल्ला. लोखंड हट्टाला पेटलं तर तोच मार माणसाला."

चेअरमनांचा विश्वास बसेना. ते हट्टी होते, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारणाऱ्यांतले नव्हते. "दावा मला," ते म्हणाले. "तळ्यात पाणी न्हायच. तितं करून दावा."

गावामागं पाझर तलाव होता. दुष्काळी कामातूनच बांधलेला, आणि पाण्याचा थेंब नसलेला. गाळ काढायला ट्रॅक्टर उतरावेत म्हणून बांधावरून तळाशी एक सरळ उतार केला होता, आणि उताराच्या शेवटी बांधाच्या तोंडाला बसवायच्या, पिचिंगच्या दगडांचा पुरुषभर उंच ढीग. मोटारी आदळायला याहून चांगली जागा जिल्ह्यात सापडली नसती.

बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं, म्हणून तोच दिवस ठरला. जीपही आता मोडीतच निघाली होती; तिचं इंजिन काढून ठेवून मिस्त्रींनी तिन्ही गाड्या ट्रॅक्टरनं ओढून आणल्या. इंजिनाच्या जागी दगड भरले, स्टिअरिंग दोरीनं सरळ बांधली. माणसं करायचं काम माझ्याकडं आलं. गोणपाटात वाळू भरून मी धडं शिवली, गावच्या कुंभारणीनं वर ठेवायला मडकी दिली. तिनं हौसेनं मडक्यांना कोळशानं नाक-डोळे काढले, आणि एकाला मिशा अशा काढल्या की चेअरमनांना बघून सगळे खाली बघायला लागले.

"ह्यो कोण?" चेअरमनांनी विचारलं.

"कुणी न्हाय जी, आसंच एक मडकं," कुंभारीण म्हणाली.

अख्खं गाव बांधावर बसलं होतं. त्या दोन वर्षांत लोकांनी खडी फोडली होती, टँकरपुढं रांगा लावल्या होत्या. पोट धरून हसायला मिळेल असं फारसं काही घडलं नव्हतं. बायका डब्यात भाकरी बांधून आल्या होत्या. दवाखान्यातले जुने केसपेपर घेऊन मी खाली दगडांजवळ उभी राहिले. प्रत्येक टकरीनंतर पेशंट तपासायचा, असं ठरलं होतं.

पहिली जीप सोडली. खडखडत आली, दगडांवर आदळली, आणि मडकं समोरची काच ओलांडून थेट ढिगापलीकडं गेलं. मी खापऱ्या गोळा केल्या आणि केसपेपरवर लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं, "पेशंट गाडीत नाही."

बांधावर हशा पिकला. बरगड्यांना पट्टा बांधून बसलेले मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले होते.

दुसरी विलायती मोटार. तिच्यात मिशावाला बसवलेला. ती उतारावरून आली तेव्हा खरंच जमीन हादरली. धडाम्! दगड चारी बाजूंना उडाले. धूळ खाली बसली तर मोटार जशीच्या तशी, नुसता दिवा फुटलेला. चेअरमन उठून उभे राहिले. "बगा! म्हटलं न्हवतं?"

मी दार उघडलं. मडक्याचा चुरा झाला होता. मूठभर खापऱ्या ओंजळीत घेऊन मी त्यांच्यासमोर धरल्या. एका खापरीवर मिशीचा अर्धा भाग शाबूत होता. त्या मिशीकडं बघत ते कपाळावरच्या टाक्यांवरून बोट फिरवू लागले.

तिसरी बारकी. ती आदळली तेव्हा आवाजही बसका आला. तिचं नाक पापडासारखं मोडून पार काचेपर्यंत गेलं. बायकांनी "आगं बाई" केलं. आत डोकावले तर मडकं सीटखाली पडलेलं, काठाचा टवका उडालेला, बाकी शाबूत. मी केसपेपरवर लिहिलं : किरकोळ जखम, घरी सोडले.

"नशीब म्हणायचं त्या मडक्याचं," चेअरमन पुटपुटले. पण आवाजातला जोर कमी झाला होता.

मग मी मिस्त्रींना म्हणाले, "चाचा, विलायती पुन्हा वर न्या. या वेळी पेशंटला बांधू."

कुणाच्या तरी बाजेची नवार, म्हणजे विणलेली जाड सुती पट्टी, सोडून आणली. मिस्त्रींनी ती दाराच्या खांबापासून तिरकी छातीवरून घेतली, कमरेभोवती फिरवली आणि तळाच्या लोखंडाला बोल्ट मारून घट्ट केली. डोकं धडावर राहावं म्हणून नव्या मडक्याचा गळाही धडाच्या गोणपाटात घालून शिवून टाकला. ट्रॅक्टरनं मोटार वर ओढली आणि सोडली. तोच उतार, तेच दगड, तसाच हादरा.

मी दार उघडलं. मडकं जागच्या जागी बसलं होतं आणि कोळशाच्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होतं.

मी ते सोडवून दोन्ही हातांनी वर धरलं. बांधावर एकच गलका झाला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टोप्या उडवल्या. मामा उतारावरून हळूहळू खाली आले. त्यांनी ती नवार ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढून बघितली, आणि मला म्हणाले, "बाई, मला उद्याच लावून द्या."

सोसायटीनं पुढं लहान गाडी घेतली. मिस्त्रींनी तिच्या पुढच्या दोन्ही सीटना नवारीचे पट्टे बसवले. चेअरमन गावातून जाताना पट्टा सोडत आणि वेशीबाहेर गेल्यावर बांधत. लोकांनी बघू नये म्हणून. लोकांना अर्थातच माहीत होतं.

पाऊसपाणी सुधारलं, वर्षं गेली. ऊस वाढला, रस्त्यावर ट्रॉल्या वाढल्या. एके दुपारी परंड्याच्या रस्त्यावर पुढची उसाची ट्रॉली एकदम थांबली आणि सोसायटीची गाडी मागून तिच्यावर गेली. निरोप आला तेव्हा मी टाक्यांची सुई उकळायला टाकली, बँडेजं काढून ठेवली. तेवढ्यात दोघं चालत दवाखान्यात शिरले. मामांच्या हातात गाडीचा तुटलेला दिवा होता. तो त्यांनी का आणला, हे त्यांनाही सांगता येईना.

चेअरमनांनी सदऱ्याची बटणं काढली. खांद्यापासून कमरेपर्यंत निळी तिरकी रेघ उमटली होती.

"बगा सिस्टर," ते म्हणाले, "साठीला आल्यावर माजी मुंज झाली."

मी दोघांना तपासलं. श्वास नीट, बरगड्या नीट. तरी मी पुन्हा पुन्हा त्याच बरगड्या चाचपत राहिले. चेअरमनांना ते दिसलं. त्यांनी मामांना चहा सांगायला पिटाळलं आणि मला खुर्चीवर बसवलं.

चहा येतोय तोवर त्यांच्या पत्नी धापा टाकत आल्या. नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, रेघ बघितली, हकिगत ऐकून घेतली. डोळे पुसले. आणि मग त्यांचा आवाज चढला.

"पुढच्या दोगांना पट्टा. आन मागं म्या बसती ती? माज्यात जीव न्हाय व्हय?"

चेअरमन सदऱ्याची बटणं लावायला लागले. मामा चहाचे पेले हातात घेऊन दारातच उभे राहिले. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही मागंच बसत आले होते, आणि लशीची पेटी नेमानं बांधत आले होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी स्वतःच्या माळवदावरच्या बाजेची नवार सोडली, गुंडाळी काखेत मारली आणि मला बरोबर घेऊन त्या मिस्त्रींच्या आवारात गेल्या. मिस्त्री बोल्ट आवळत होते तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून बजावत होत्या, "दोन लावा चाचा. एक माजा, एक सिस्टरचा. आन जरा ढिला ठेवा, म्या काय मडकं न्हाय."