न पाहिलेल्या पाकळ्या

ओर्नेलाच्या जिभेला रोममध्ये तोड नव्हती. तेस्ताच्चोच्या मंडईत तिचा भाजीचा गाळा. तिथे उभी राहून ती न कापलेल्या खरबुजाची गोडी अशी काही वर्णन करायची की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. ते खरबूज घरी जाऊन काकडीसारखं निघालं तरी गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात तिच्याकडेच यायचं. भांडायला आलेला माणूस तिच्याशी दोन मिनिटं बोलला की भांडण विसरून पालकाच्या दोन जुड्या घेऊन जायचा. असा धंदा तीस वर्षं केलेल्या बाईला स्वतः न पाहिलेली गोष्ट रंगवून सांगणं काय अवघड? ते तिने सोळा वर्षं केलं होतं, आणि तेही सख्ख्या नवऱ्याजवळ.

नवरा सेत्तीमिओ, अग्निशमन दलातला. आमच्या गार्बातेल्ला वस्तीत त्याला सगळे बंबवाला म्हणूनच ओळखतात. अंगाने आडवा, बोलायला कमी, आणि हसायचं असलं की आधी मिशी हलायची. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या रविवारी पँथिऑनच्या जुन्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपली की घुमटाच्या माथ्यावरच्या गोल भोकातून गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात. एवढ्या उंचावर पोती घेऊन चढणार कोण, तर बंबवालेच. सोळा वर्षं त्या पोत्यांमधलं एक पोतं सेत्तीमिओच्या खांद्यावर होतं. यंदा मार्चमध्ये तो निवृत्त झाला.

त्या बुधवारी संध्याकाळी ओर्नेला मटार सोलत बसली होती. सेत्तीमिओ समोर येऊन बसला, दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "या रविवारी मी पण येणार. तुझ्याबरोबर, खालून बघायला."

ओर्नेलाने दाणे सालींच्या ढिगात टाकले आणि साली भांड्यात.

"कशाला रे? सोळा वर्षं बघितलंस ना वरून?"

"वरून काय दिसतं? पोटावर आडवं पडायचं, नाकासमोर पोतं आणि शेजारच्याचे बूट. पाकळी हातातून सुटली की गेली. खाली काय होतं ते तू सांगतेस तेव्हा मला कळतं." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं तो घाईने म्हणाला, "म्हणजे, तू तेवढी दिसायचीस. तुझं काय, तू कुठेही दिसतेस."

ओर्नेलाने मान खाली घातली आणि सालींतून दाणे वेचायला लागली.

झालं होतं असं. पहिल्या वर्षी ती गेली होती. नवा हिरवा पोशाख घालून, ओठ रंगवून, बंबवाल्याची बायको म्हणून मिरवत. मिस्सा होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग लोकांनी माना वर केल्या, तिनेही केली. वर, तेरा-चौदा मजले उंच, त्या लख्ख उजेडाच्या कडेवर एक हेल्मेट आणि अर्धी छाती बाहेर आलेली. तो सेत्तीमिओ होता की दुसरा कुणी, कळायला मार्ग नव्हता. पहिली पाकळी सुटायच्या आत ती कोपरांनी गर्दी बाजूला सारत बाहेर पडली आणि मागच्या गल्लीत दुईल्योच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसली. दुईल्योने न विचारता गार पाणी आणून ठेवलं. थोड्या वेळाने लोक बाहेर येऊ लागले, केसांत पाकळ्या, डोळे ओले. तिने एका बाईला हाताला धरून विचारलं, "कसं होतं हो?" त्या बाईने सांगितलं.

दुपारी जेवताना सेत्तीमिओनेही तेच विचारलं. "कसं होतं गं?" इतका अधीर होऊन विचारलं, की ओर्नेलाने त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं त्याच्या ताटात वाढलं, वर आपला थोडा मीठमसाला घालून. त्याचा चेहरा फुलला. आणि मग तो म्हणाला, "मी तुला बघितलं वरून. हिरव्या पोशाखात. वेदीच्या डावीकडे होतीस."

ओर्नेलाचा काटा हवेतच थांबला. ती त्या वेळी दुईल्योकडे दुसरा पेला पाणी पीत होती. तोंडावर आलं होतं तिच्या, "थापाड्या!" पण थापाड्या म्हणायचं तर आपल्याला कसं ठाऊक हेही सांगावं लागणार. तिने कोकराच्या मटणाचा आणखी एक तुकडा त्याला वाढला.

पुढची पंधरा वर्षं हेच. दर पेंटेकॉस्टला ओर्नेला नटून निघायची आणि दुईल्योच्या खिडकीतल्या खुर्चीत बसायची. बाहेर पडणाऱ्यांना गाठून विचारायची. एका पोलिश धर्मभगिनीने सांगितलं की पाकळ्या थांबत थांबत येतात. बारी शहरातला एक शाळामास्तर म्हणाला, त्या गिरक्या घेतात. एका जपानी आजोबांना तर भाषाच येत नव्हती. त्यांनी हाताची दहा बोटं डोक्यावर नेली आणि हलवत हलवत गुडघ्यांपर्यंत आणली. ते सगळ्यांत छान होतं. ओर्नेलाने त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर तसंच करून दाखवलं, तर सेत्तीमिओने जेवण थांबवून तिला पुन्हा दोनदा करायला लावलं. आणि दरवर्षी त्याचं ठरलेलं, "मी तुला बघितलं." एकदा तिने मुद्दाम विचारलं, "काय घातलं होतं सांग?" तो म्हणाला, "तेच की, हिरवं." त्या दिवशी ती पांढऱ्यात होती.

तिला त्याचा राग नव्हता. त्याच्या थापेची गंमतच वाटायची. भीती होती ती आपल्या थापेची. सेत्तीमिओला आयुष्यात कौतुक म्हणून फार काही मिळालं नव्हतं. वर्षातून एका दुपारी तो बायकोकडून ऐकायचा, की आपण किती सुंदर काहीतरी केलं. ते सगळं चोरून आणलेलं होतं हे कळलं, तर मागच्या सगळ्या दुपारी नासणार.

रविवारी तिने होता होईल तेवढा उशीर केला. दोनदा बूट बदलले. गॅस बंद केला का बघायला सेत्तीमिओला तीन जिने परत पाठवलं. गर्दी झाली की दारं लावून घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सेत्तीमिओ आज कशालाच वैतागत नव्हता. त्याने डोक्यावर छज्ज्याची टोपी घातली होती, गळ्यात मेव्हण्याची दुर्बीण, पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली.

"हे काय सोंग?" ओर्नेला म्हणाली. "हॉटेलचा पत्ता विसरलास की काय?"

"आज मी प्रवासी. मला यातलं काही येत नाही. तू दाखवायचं, मी बघायचं."

ओर्नेला मनात म्हणाली, घ्या, आंधळ्याला वाट दाखवायला आंधळी निघाली.

बसमधून उतरून ती दोघं गल्लीने निघाली, आणि दुकानाच्या दारातून दुईल्यो ओरडलाच, "या ओर्नेलाबाई! आज इतक्या उशिरा? खिडकीतली खुर्ची पुसून ठेवलीय तुमची!"

ओर्नेलाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की मंडईतला उंदीरही पळाला असता. दुईल्योने तिच्या शेजारचा माणूस बघितला, तोंड मिटलं आणि लगबगीने आत जाऊन कपबश्या आपटू लागला.

"कुठली खुर्ची?" सेत्तीमिओने विचारलं.

"म्हातारा झालाय. कुणालाही काहीही म्हणतो."

"तो? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल."

"मग दारू पीत असेल. चल, रांग बघ केवढी!"

रांग मोठी होती, पण दारं उघडी होती. पुढे एक जर्मन कुटुंब, मागे शाळेच्या मुली. एरवी ओर्नेला रांगेत उभी राहणाऱ्यांतली नव्हे, ती बोलत बोलत पुढे सरकणारी. आज तिने चार माणसांना "तुम्ही व्हा पुढे" म्हटलं. तरी शेवटी ती दोघं आत गेलीच.

आत आल्यावर सेत्तीमिओने टोपी काढली आणि वर न बघता, ते नंतरसाठी राखून ठेवल्यासारखी मान खालीच घालून तो म्हणाला, "तू कुठे उभी राहायचीस? तिथेच उभं राहू."

झाली का पंचाईत! ओर्नेलाने त्याचंच वाक्य त्याला परत केलं. "वेदीच्या डावीकडे."

तिथे जाऊन ती दोघं जेमतेम उभी राहिली, तोच चर्चचा एक म्हातारा सेवेकरी आला. "इथे नाही हं. ही गाणाऱ्यांची जागा."

"या वर्षीपासून का?" ओर्नेलाने मंडईतला आवाज काढला.

"बाई, बावीस वर्षं आहे मी इथे. दर पेंटेकॉस्टला गाणारे इथेच उभे राहतात. दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाही मी."

संपलं, ओर्नेलाला वाटलं. तिने हळूच नवऱ्याकडे बघितलं. तर सेत्तीमिओ कानापर्यंत लाल झाला होता. तिला क्षणभर उमगेना, आणि मग उमगलं. याच जागेवर त्याने तिला सोळा वर्षं बघितलं होतं ना!

"मग जरा अलीकडे असेल," ओर्नेला म्हणाली.

"हो हो, अलीकडेच," सेत्तीमिओ घाईने म्हणाला. "वरून अंदाज चुकतो."

दोघंही एका खांबापाशी जाऊन गुपचूप उभी राहिली आणि मिस्सा होईपर्यंत एकमेकांकडे बघायचं टाळत राहिली. गाणाऱ्यांनी गायलं, फादर बोलले, जर्मनांचं बाळ रडलं आणि झोपलं. मग सगळीकडून कुजबुज उठली आणि माना वर झाल्या.

ओर्नेलाने ठरवलं होतं, की डोळे मिटून घ्यायचे. पण मान आपोआप वर गेली. भोकाच्या कडेला हेल्मेट दिसलं आणि सवयीने ती दाराकडे वळू लागली. तेवढ्यात सेत्तीमिओचं कोपर तिच्या कोपराला लागलं. तो इथे होता. वरचा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्याच्या बायकोची तिला फार दया आली, आणि आपला माणूस जमिनीवर आहे याचा तिला इतका आनंद झाला की ती वर बघतच राहिली.

पाकळ्या सुटल्या. सुरुवातीला त्या लाल नव्हत्याच. उजेडासमोर काळ्या ठिपक्यांसारख्या होत्या, आणि खालच्या सावलीत उतरता उतरता एकेक लाल होत गेली. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या किती वेळ घेतात, हेही नाही. पडतायत पडतायत आणि अजून वरच. एवढी माणसं असून कुणी बोलत नव्हतं. मग पाकळ्या पोचल्या, कपाळावर, खांद्यांवर, झोपलेल्या बाळावर, आणि सगळीकडे मंडईत पहाटे येतो तसा ओल्या फुलांचा वास सुटला. ओर्नेलाचं तोंड उघडं पडलं होतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने बाजूला बघितलं. सेत्तीमिओ वर बघतच नव्हता. दुर्बीण गळ्यात तशीच, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"ओर्नेला," तो म्हणाला, "तू हे पहिल्यांदा बघतेयस."

एरवी तिने यावर दहा खरबुजं विकली असती.

"हो," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"पहिल्या वर्षी आले होते आत. हेल्मेट दिसलं आणि पळाले. नंतर दुईल्योकडेच बसायचे. बाहेर येणाऱ्यांना विचारायचे आणि तुला सांगायचे. ते सगळं लोकांचं होतं, सेत्तीमिओ. माझं काहीच नव्हतं."

सेत्तीमिओने यावर जरा विचार केला.

"मग ती हिरव्या पोशाखातली कोण?"

"तेच तर मी इतकी वर्षं विचारायचं टाळतेय! कोण होती ती? कुणावर फुलं टाकत होतास रे मेल्या?"

त्याची मिशी हलायला लागली. "काही दिसायचं नाही गं. एकदाही नाही. खाली नुसता काळोख. पण तू इतकं जीव लावून सांगायचीस, मग तुला मी बघितलंच नाही असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

दोघंही अशी हसली की जर्मन कुटुंबाने मागे वळून बघितलं. ओर्नेलाने तोंडावर रुमाल दाबला. सोळा वर्षांचं ओझं एका दमात उतरलं होतं.

मग सेत्तीमिओचं हसू ओसरलं. त्याने तिच्या केसांतली पाकळी काढली आणि हातातच धरून ठेवली.

"पण घाबरलीस का? तू तर कधी घाबरत नाहीस. त्या रंगाच्या कारखान्याला आग लागली, सुट्टीच्या दिवशी मला बोलावणं आलं, तेव्हाही तू चुलीपासून हलली नव्हतीस. मी बूट घालतोय आणि तू आतून ओरडलीस, 'येताना पाव घेऊन ये.' दर वेळी तेच. आमच्या केंद्रातले म्हणायचे, सेत्तीमिओची बायको दगडाची आहे. आणि मी आणायचो पाव. काजळीच्या हातांनी आणायचो, आणि घरात येऊन बघावं तर आधीच दोन पडलेले."

"घरात पाव आहे हे मला ठाऊक असायचं," ओर्नेला म्हणाली. "पण पाव आणायचाय म्हटल्यावर माणसाला परत यावंच लागतं ना."