लाल रंगाची घोडागाडी

१९८६. पोळ्याच्या आधीचा रविवार. सकाळी सौंसरहून सायकलने मोहगावला रघोजीकाकांकडे गेलो आणि दुरुस्त झालेली घोडागाडी घेऊन दुपारपर्यंत परत आलो.

घोडागाडी म्हणजे बिडाचं, ओतीव लोखंडाचं खेळणं. आजोबा मँगनीजच्या खाणीवर होते, तिथल्या गोऱ्या साहेबाने जाताना दिलेलं. एका घोड्याचा पाय तुटला होता, एक चाक तडकलं होतं.

त्या उन्हाळ्यात बाबा गेले होते... नागपूरला असल्या जुन्या खेळण्यांना मोल येतं, असं मी कुठूनसं ऐकलं. आई म्हणाली, विकायची तर नीट करून वीक.

रघोजीकाका बाबांचे मित्र. शिलाई मशीन, घड्याळं, स्टोव्ह, सगळं दुरुस्त करायचे. मी वेल्डिंगचं बोललो तेव्हा हसले होते. "बीड हाय हे लेका, वेल्डिंग मारली का बाजूनं तडकते." त्यांनी पायात आतून बारीक भोक पाडून पोलादी खिळा बसवला, चाकाला मागून पितळेची पट्टी लावली.

निघताना म्हणाले, "रंग लावू नको अन् घासू बी नको. हा उडालेला रंगच त्याचं वय सांगते. मोल त्याचंच हाय."

मी हो म्हणालो.

आमच्याकडे पोळ्याआधी सगळंच रंगतं... बैलांची शिंगं, बैलबंडीची चाकं, दाराची चौकट. त्या वर्षी बाबा गेल्यामुळे घरात सण नव्हता, बैल सजवायचे नव्हते. शिंगांच्या लाल ऑइल पेंटचा डबा गोठ्यात तसाच होता आणि माझे हात स्वस्थ बसेनात. आईने पाहण्याआधीच गाडी गोठ्यात पॉलिश पेपरने घासली आणि लालभडक रंगवली. खरं सांगतो, मला ती फार सुंदर वाटली. वाळल्यावर गोणपाटात गुंडाळून नागपूरला नेली.

दुकानदाराने भिंग लावून आधी पाय पाहिला. "ये हाथ किसका है? बढ़िया काम." मग रंगावर बोट ठेवलं. "और ये किसने किया? टूटा पैर चल जाता भैया... अब ये सिर्फ लोहा है."

घरी आईने विचारलं, काय झालं. तोंडातून निघून गेलं... काकांनी रंगवून खराब केली. बाबांची वस्तू मी बिघडवली, हे तिला सांगवेना.

आईने शेजारी सांगितलं, शेजारून ते बाजारात गेलं. लोक काकांकडे नाजूक काम द्यायला कचरू लागले.

महिनाभराने काका आठवडी बाजारात भेटले. "तुही माय सांगून राहिली का म्या रंग लावला. म्या लावला का रे?"

मी सायकलची चेन बसवल्यासारखं करत खाली बसलो. ते म्हणाले, "जाऊ दे. बाप गेला तुहा यंदा." आणि गेले. नंतर त्यांनी कुणापुढेही हा विषय काढला नाही.

दोन वर्षांनी काका वारले. दसव्याला, दहाव्या दिवसाच्या विधीला, त्यांच्या ओटीवर बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "हाताचा लई पक्का माणूस बाप्पा. पण ते सौंसरची घोडागाडी बिघडवली त्यानं." दुसरा म्हणाला, "होते एखादी चूक. आता काऊन काढतं?"

काकांची मुलगी शकूताई तेव्हाच चहा घेऊन आली होती. तिने ऐकलं. माझ्या हातात कप दिला, मान वर केली नाही. एवढंच बोलायचं होतं, मी रंगवली... मी चहा प्यायलो.

शकूताई गेल्या आठवड्यापासून इथे माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. ताई, गाडी मी रंगवली होती. तुमच्या बाबांचं काम चोख होतं आणि त्यांनी माझं खोटं स्वतःवर घेतलं. माफी मागायला फार उशीर केला.

त्या दिवशी दसव्याहून घरी आलो तेव्हा आई शेतात होती. विहिरीवर अंघोळ केली, शर्ट पिळून तारेवर टाकला. टोपल्यात भाकरी झाकून ठेवली होती. ती चुलीपाशी बसून एकट्यानेच खाल्ली.