काचेवरचा बिरोबा

कर्नाटकातल्या मादन हिप्परग्यात पाण्याची मोटार जळली की लोक आधी लाइनमनला शिव्या देतात आणि मग भीमाशंकरला फोन लावतात. मोटार उघडायची, जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा करून भरायची, हा त्याचा धंदा. बसस्टँडमागच्या त्याच्या दुकानाला पायरी नाही, कारण मालकाला पायरी चढता येत नाही. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. तोंड मात्र शाबूत आहे. "भीमाशा, मोटार कधी देतोस?" असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "तुझा ऊस वाळायच्या आदी, अन् माझा चहा आल्यावर."

घर धनगराचं. वडील पिराजी होते तोवर मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड बाहेर पडायचं. मेंढरं पुढं, बायका मागं, मध्ये घोडं. घोड्यावर अंथरूण, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीत त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर भीमाशंकर. बाकीची पोरं खालून ओरडायची, "घोड्यावरचं कोकरू! ब्यॅऽऽ!"

एका उन्हाळ्यात त्यानं हट्टच धरला की घोड्यावर बसणार नाही. काठी टेकत, फरफटत तो निघाला. पिराजीनं त्याला अडवलं नाही, फक्त कळपाची चाल कमी केली. पाण्यावर पोचायला दिवस कलला. मेंढरं जिभा काढून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पिराजीनं त्याला उचललं आणि घोड्यावर ठेवलं. भीमाशंकर रडला, पण ते चिडवणं त्याच्या मनात रुतून बसलं ते कायमचंच. मोठा झाल्यावर बसमध्ये कुणी उठून जागा दिली तरी तो म्हणायचा, "बसा बसा, मला उभं राहायला आवडतं." आणि मग धक्के खात, दात आवळून उभा राहायचा.

त्याला गाडीपर्यंत आणलं ते भालकीच्या नागसेननं. दोघांची ओळख आयटीआयमधली. हा वायरमन, तो मेकॅनिक. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नागसेन त्याला रोज पाठीवर घेऊन जायचा आणि दर पायरीला शिवी द्यायचा, म्हणून भीमाशंकरला ते चालायचं. पुढं नागसेननं भालकीत गॅरेज टाकलं. एक जुनी कार घेतली आणि स्टिअरिंगच्या खाली हाताचा दांडा बसवला. दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. "पायाचं काम हाताला दिलंय," तो म्हणाला. "आता पळ कुठं पळायचं ते."

भीमाशंकर पळाला. आळंदपासून हुमनाबादपर्यंतच्या गावांतून जळक्या मोटारी स्वतः उचलून आणू लागला. म्हणजे उचलणारे दुसरे, आणणारा तो. गाडीत बसला की त्याच्याकडं कुणी वळून बघत नव्हतं. काचेच्या आत तो चारचौघांसारखा एक ड्रायव्हर होता, आणि हेच त्याला सगळ्यात प्यारं होतं.

म्हणून नागसेननं टोलमाफीचा विषय काढला तेव्हा त्यानं तो उडवूनच लावला.

"मला सूट नको. सगळे भरतेत, मी बी भरतो."

"सगळे कुठं भरतेत?" नागसेन म्हणाला. "तुझ्या धंद्यातले बाकीचे कशानं फिरतेत?"

"फटफटीनं."

"फटफटीला टोल हाय का?"

"न्हाई."

"मग? तुझे पाय चांगले असते तर तू बी फटफटीवर मोटार बांधून फुकटच गेला असतास. पाय न्हाईत म्हणून कार घेतलास, अन् कार घेतलास म्हणून टोल भरायलास. ही सूट न्हाई रे येड्या, ही बरोबरी हाय."

भीमाशंकर पटलं असं म्हणाला नाही. त्याची आई बाणूबाई दाराशी लोकर विंचरत बसली होती. टोल म्हणजे काय हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं, पण बोलणं कशाचं चाललंय ते तिनं ओळखलं.

"भीमाशा, आपण घोडं कामून बाळगत होतो?"

"सामानाला."

"सामान गाढवावर बी जातंय. घोडं असतंय ते चालता न येणाऱ्यासाठी. त्येला वर बसवलं की कळप वेळेवर पाण्यावर जातोय. तुझ्या बापानं तुझ्यावर उपकार केला न्हाई. त्येला सगळ्यांना घेऊन जायाचं होतं."

त्यानंतर कागद हलले. गाडीच्या आरसी बुकावर अपंगासाठी बदललेली गाडी अशी नोंद झाली, टोल माफ असलेला नवा फास्टॅग आला. भीमाशंकरनं तो आरशाच्या मागं काचेवर चिकटवला, पण नागसेनला फोन करून बजावलं, "एक सांगून ठेवतो. नाक्यावर एकदा जरी कुणी मला 'उतरून दाखव' म्हणलं, तर त्या दिवशी हे स्टिकर फाडून टाकणार. लोकांपुढं पाय दाखवून फुकट जायाचं मला जमणार न्हाई."

"बरं बाबा," नागसेन म्हणाला. "आदी माझं नवं घर बघायला ये. अव्वाला घेऊन ये."

असं दोघं मायलेक भालकीला निघाले. नवं स्टिकर लावल्यापासूनची ही पहिलीच फेरी. मागच्या सीटवर कुबड्या, त्यावर नागसेनसाठी नवी घोंगडी, त्यावर धपाट्यांचा डबा.

नाक्यावर पुढची गाडी गेली आणि भीमाशंकरनं दांडा ढकलून गाडी उभी केली. समोरची आडवी दांडी उचलली गेली नाही. तो थोडा मागं-पुढं झाला. काहीच नाही. महेशकुमार नावाचा कर्मचारी हातातलं मशीन घेऊन आला, काचेपुढं धरलं, झटकलं, पुन्हा धरलं.

"वाचत न्हाई," तो म्हणाला. "कुठली गाडी?"

"माफीची हाय. आरसी हाय, कार्ड हाय."

मागच्या ट्रकनं हॉर्न दाबला. त्याच्या मागच्यानं त्याला साथ दिली. महेशकुमार वैतागला होता. मनानं वाईट नव्हता, पण सकाळपासून उन्हात उभा होता.

"माफीची म्हणून बसल्या बसल्या सगळेच म्हणतेत. उतरा खाली, कार्ड घेऊन केबिनीत या. साहेब बघतील."

उतरा. भीमाशंकरची कानशिलं तापली. कुबड्या घोंगडीखाली होत्या. त्या काढायच्या, दार उघडायचं, एकेक पाय हातानं बाहेर ठेवायचा आणि एवढ्या गाड्यांच्या समोरून केबिनीपर्यंत जायचं. त्यानं आरशात बघितलं. ट्रकचा क्लीनर मान बाहेर काढून बघत होता.

त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली आणि काचेबाहेर धरली. "टोल घ्या अन् मोकळं करा."

"भीमाशा," बाणूबाई म्हणाली.

"आये, तू गप बस." त्याचा दुसरा हात आरशाच्या मागं, स्टिकर फाडायला निघाला होता.

"थांबा अण्णा! पैशे आत ठेवा."

केबिनीतली बाई खुर्ची सरकवून बाहेर आली. दानम्मा तिचं नाव, छातीवर बिल्ला होता. ती गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली. तिची नजर पायांकडं गेली नाही. ती गेली स्टिअरिंगखालच्या दांड्याकडं आणि तो घट्ट दाबून धरलेल्या हाताकडं.

"महेश, इकडं ये. हे बघ, ह्यो ब्रेक हाय. ह्यांनी हातानं धरलाय."

महेशकुमार वाकला. "अरे! मला वाटलं…"

"तुला वाटलं ते ऱ्हाऊ दे. गाडीतल्या माणसानं कामून उतरायचं? उतरायचा पगार आपल्याला हाय." मग ती ट्रककडं वळून कन्नडमध्ये असं काही बोलली की दोन्ही हॉर्न एकदम बंद पडले. "अण्णा, कार्ड इथंच द्या, मी आत दाखवून आणते. पण मशीन वाचत कामून न्हाई?" तिनं आरशाच्या मागं डोकावलं. "आन् ह्ये काय चिकटवलंय?"

"बिरोबा हाय बाई," बाणूबाई म्हणाली.

भीमाशंकरनं मान वाकडी करून बघितलं. स्टिकरवर बरोब्बर मधोमध, देवघरात असतो तसा देवाचा टाक बसला होता. तांब्याच्या पत्र्यावर ठोकलेला बिरोबा, वर भंडाऱ्याचं बोट.

"आये! ह्ये कवा लावलीस?"

"सकाळी. तू चहा पीत होतास तवा. तुझ्याच दुकानातली जळकी तार सोनाराला देऊन केलाय. गाडीचा नवसच होता. आरशामागं चांगला चौकोन आखलेला दिसला, मला वाटलं नागसेननं देवासाठीच जागा ठेवलीय."

भीमाशंकर हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. ज्याचा जन्म तांब्यात गेला त्याच्याच गाडीत तांब्याच्या पत्र्यानं स्टिकर मुकं केलं होतं. असल्या स्टिकरला धातू चिकटला की त्याचं बोलणंच बंद होतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. फक्त तिथं देव असेल हे ठाऊक नव्हतं. महेशकुमारही हसला. दानम्मानं मात्र बाणूबाईला विचारलं, "काढू का अव्वा? माझा हात चालंल न्हवं?"

"तुझाच चालंल."

दानम्मानं चप्पल काढली, खिडकीतून हात घातला, नखानं टाक हळूच सोडवला, कपाळाला लावला आणि बाणूबाईच्या पसरलेल्या पदरात ठेवला. महेशकुमारनं मशीन धरलं. ते बोललं. दांडी वर गेली.

"जावा अण्णा," तो म्हणाला. "अन् परत येताना बी ह्याच लाइनीत या."

नाका मागं पडला. नोट अजून त्याच्या मांडीवर पडली होती. मग त्यानं ती खिशात घातली आणि म्हणाला, "आये, बिरोबाला समोर डॅशबोर्डावर बसव. त्येला बी रस्ता दिसंल."

भालकीत नागसेननं हे ऐकलं आणि जेवताना त्याला दोनदा ठसका लागला. "देव काढला तवा टोल माफ झाला! देवानं माफ केला असता तर आमच्या बुद्धविहारात काय तोंड दाखवलं असतं मी!" तो म्हणाला. भीमाशंकर त्याला बोलू देत होता. आयटीआयच्या त्या पायऱ्यांबद्दल आजवर राहून गेलेलं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. निघताना त्यानं नुसता नागसेनचा खांदा धरला. "जड होतो का रे मी?"

"लई," नागसेन म्हणाला. "अजून बी हाईस."

थंडी पडली तेव्हा बाणूबाईनं आणखी एक घोंगडी तयार करवून घेतली. नाक्यावर गाडी थांबली, मशीन बोललं, दांडी वर गेली, पण गाडी हलली नाही. बाणूबाईनं खिडकीतून घोंगडी पुढं केली. "तुझ्या त्या केबिनीच्या डब्यात वारं लई शिरत असंल."

दानम्मा मागं सरली. "ड्यूटीवर काय घेता येत न्हाई अव्वा. तसं घ्यायला बरं दिसत न्हाई."

"माझा लेक बी आदी असंच म्हणत होता," बाणूबाई म्हणाली.

मागं हॉर्न वाजला. भीमाशंकरनं दांडा ओढला नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून, वर गेलेल्या दांडीखाली निवांत बसून राहिला. दानम्मानं एकदा ट्रककडं बघितलं, एकदा महेशकुमारकडं, आणि मग हात पुढं करून घोंगडी घेतली.