नथूबाचा कच्चा कागद

नथूबा हरकारा वाटेत कधी बसत नसे. वडगावच्या टपाल कचेरीतून पिशवी खांद्यावर घेऊन तो निघाला की ओढा, चढ आणि खिंड ओलांडून पवन मावळात उतरावयाचा, आणि तिकोणा पेठेला पिशवी पोचवूनच टेकावयाचा. दुसऱ्या दिवशी तिकडची पिशवी घेऊन त्याच वाटेने परत. हातात घुंगरू बांधलेली काठी असे. त्या घुंगरांचा नाद कानी आला की वाटेवरच्या वस्तीतील बाया भाकरीचा तवा चुलीवर चढवीत, इतकी त्याची वेळ पक्की होती. कोणी म्हणाले, "नथूबा, घटकाभर बस की, पाणी पी," तर तो उभ्यानेच तांब्या वर धरून पाणी पिई आणि म्हणे, "टपाल बसलं की बातमी शिळी व्हती. मग ती बारशाची असो न्हाई तर बाराव्याची."

मी वडगावच्या कचेरीबाहेर चिंचेखाली मेज मांडून गेली बावीस वर्षे अर्जनवीसाचे काम करीत आहे. माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंतच झाले. तथापि मावळ तालुक्यात माझ्या हातच्या अर्जाला तोड नाही, हे खुद्द कचेरीतील कारकून मान्य करतात. नथूबा माझ्या मेजावरून दिवसाआड जाई. त्याला अक्षर येत नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरे वाहणारा हा मनुष्य माझ्या टाकाकडे देवाच्या मूर्तीकडे पाहावे तसा पाही. "भाऊसाहेब, तुमी लिवता आन् मी वाहतो," असे तो म्हणे. "धंदा एकच हाय आपला. तुमचं वझं बोटावर, माझं खांद्यावर."

ही गोष्ट जर्मनीची लढाई सुरू होण्यापूर्वीची. त्या वर्षी थंडीच्या दिवसांत नथूबाच्या अंगात फरक दिसू लागला. मूळचा काटकुळा माणूस, पण पोट थोडे सुटले, चेहरा सकाळी भरल्यासारखा दिसे, आणि पोटऱ्या जाड झाल्या. आमच्या मावळात उपाशी अंगाची इतकी सवय आहे की कोणाच्या अंगावर काही चढले तर ते मांसच असणार, असे आम्ही धरून चालतो. चिंचेपलीकडे चहाचे दुकान चालविणारी सोनामावशी मोठ्याने म्हणाली, "काय रं नथूबा, अंग धरलंस की! भागूबाई तूप वाढती जनू, न्हाई तर पेठंत दुसरं घर केलंस?"

"तुझाच चा प्यालो, मावशी," नथूबा म्हणाला. "त्यातलं पानीच अंगाला लागलंय बग."

आम्ही सर्व हसलो. मीही हसलो, आणि वर माझ्या पदरचे एक वाक्य जोडले की, सरकारी नोकरी मानवली म्हणजे अशीच कांती येते. त्याने पाण्याची गोष्ट थट्टेत सांगितली, आणि ती अक्षरशः खरी होती, हे पुढे एका डॉक्टरने मला सांगितले.

फाल्गुनातल्या एका दुपारी घुंगरांचा नाद माझ्या मेजापाशी येऊन थांबला. मान वर करून पाहतो तो नथूबा माझ्या बाकावर बसलेला. त्याला बसलेला मी प्रथमच पाहत होतो. त्याने वहाण काढली होती, आणि वहाणेच्या पट्ट्याचा वळ पायात खोल रुतला होता.

"भाऊसाहेब, एक अर्ज लिवायचाय. मला खिंडीची फेरी झेपंना. टाकव्याची फेरी मागायची हाय. टाकवे बुद्रुकची वाट सपाट हाय, तितं जमंल मला."

आमच्या धंद्याची रीत अशी की पक्षकार बोलेल ते प्रथम कच्च्या कागदावर त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावयाचे, आणि मग त्याचा पक्का अर्ज घडवावयाचा. मी कच्चा कागद पुढे ओढला. "काय होतंय तुला? कुठं दुखतं?"

"दुखत न्हाई कुटंच. दुखलं असतं तर सांगाया सोपं गेलं असतं. दम पुरत न्हाई. दिवाळीला खिंडीच्या माथ्यावर पयल्यांदा थांबलो. संक्रांतीला माथ्याच्या खाली उंबर हाय, त्येच्यापाशी. आता वढा वलांडला की पयल्याच चढाला बूड टेकावं लागतंय. बसायची जागा माझ्याकडं चालत येतीया, भाऊसाहेब."

"आणखी?"

त्याने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या पिठात पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "ह्ये बगा. सकाळी कमी असतंय, तिनीसांजंला वहाण चढत न्हाई. आडवं पडलं की छातीवर कुनीतरी बसल्यावानी व्हतं, म्हून पेठंत मी पिशवीला टेकून बसूनच झोपतो. कोरडा खोकला येतो. रातचं लगवीला चारदा उटतो. आन् भाकर दोन घासांत नको व्हती. खातो कमी आन् वाढतो जादा, ह्ये कसं काय?"

मी सर्व उतरून घेतले. माझा हात जलद आहे, एक शब्द सुटला नाही.

आता जे सांगावयाचे ते मी आजवर कोणास सांगितलेले नाही. पक्का अर्ज लिहावयास बसलो तेव्हा त्या कच्च्या कागदातील एकही गोष्ट मी आत घेतली नाही. स्वतःला मी असे कारण दिले की, दुखणे लिहिले तर खाते त्याला नियमाप्रमाणे डॉक्टरकडे तपासणीस धाडील, डॉक्टर नालायक ठरवील, आणि नथूबाची नोकरी जाईल. हे कारण खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. खरे असे की सूज, खोकला, लघवी हे शब्द माझ्या अर्जात शोभत नव्हते. "ऊन, पर्जन्य व शीत यांची तमा न बाळगता अर्जदाराने आजन्म इमानेइतबारे सेवा केली असून" असे वाक्य मला साधले होते, आणि त्याच्या पाठीवर पायाची सूज लादावयास माझे मन होईना. मी लिहिले, "कौटुंबिक अडचणींस्तव."

रीतीप्रमाणे अर्ज वाचून दाखविला. नथूबा मान खाली घालून, कीर्तनाला बसावे तसा ऐकत होता. सोनामावशीही हात पुसत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बया, काय भाषा तरी! ह्ये ऐकून सायेबाच्या डोळ्यातनं पानी यील."

नथूबाने विचारले, "भाऊसाहेब, लय ब्येस झालंय. पायाचं बी आलं न्हवं त्यात? मला कायबी कळलं न्हाई, म्हून इचारतो."

"आलं," मी म्हणालो. "तुझ्या शब्दांत नाही, सरकारी शब्दांत आलं."

"मंग झालं." त्याने अंगठा शाईत बुडविला. अंगठ्याच्या वर मी नेहमीची ओळ लिहिली: वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, तो त्यास समजला व मान्य आहे.

वैशाखात उत्तर आले. नथूबाच ते टपाल कचेरीतून घेऊन आला होता, आणि मलाच ते वाचून दाखवावे लागले. कौटुंबिक अडचण हे फेरी बदलण्यास पुरेसे कारण नाही, इतकाच मजकूर होता. मी वाचताना कारणाचे शब्द गाळले आणि सांगितले, "नामंजूर."

 मग त्याच्या तोंडावर एक प्रकारची सुटका दिसली, आणि ती मला आजही दिसते. "पायाचं, दमाचं समदं वाचून बी सरकार न्हाई म्हनतंय, म्हंजी दुखनं काय मोठं नसंल. सरकारकडं दाक्तर असत्यात, त्येस्नी ठावं असतंय. मीच उगा भ्यालो." त्याने काठी उचलली. "चला. टपाल बसाया नको."

त्या वेळी माझ्या जिभेवर शब्द आला होता. नथूबा, थांब, सरकारला यातले काहीच कळविलेले नाही, इतके म्हणणे पुरे होते. पण समोर आणखी दोन पक्षकार बसले होते, आणि त्यांच्यादेखत माझा अर्ज खोटा ठरविण्याची मला लाज वाटली. घुंगरे वाजत वळणापलीकडे गेली. पूर्वी ती सारखी वाजत. आता वाजत, थांबत, वाजत.

त्याची बायको भागूबाई एकदा सोनामावशीकडे येऊन बसली होती. ती म्हणाली, "मामंजीच्या फोटूवानी भिंतीला टेकून बसल्यालं असत्यात रातभर. खाली पडा म्हनलं तर वरडत्यात माझ्यावर. कवा वरडलं न्हाईत जन्मात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सरकारनं काय न्हाई म्हनलंय न्हवं, भाऊसाहेब? मंग मी बी गप ऱ्हाते." मी टाक दौतीत बुडविला आणि उगाच बुडवीत राहिलो.

ज्येष्ठ लागला आणि एके दिवशी घुंगरे आलीच नाहीत. करवंदे तोडावयास गेलेल्या बायांना नथूबा सापडला. ओढ्याच्या अलीकडे, चढ सुरू होण्यापूर्वीच, तो एका दगडाला टेकून बसला होता. जागा चालत चालत त्याच्यापर्यंत येऊन पोचली होती. पिशवी मांडीवर, काठी तिच्यावर आडवी, ओठ जांभळे, आणि छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. बायांनी विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "पिशवी पोचवा आदी."

बैलगाडीतून त्याला स्टेशनवर आणले आणि आगगाडीने मी व भागूबाई त्यास घेऊन लोणावळ्यास एका डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलणे मृदू. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, मानेची फुगलेली शीर पाहिली, पाठीला नळी लावून ऐकले. "हे कधीपासून? आधी काय झालं?" नथूबाला बोलवत नव्हते. भागूबाई रडत होती. मी खिशातून तो कच्चा कागद काढला. निघताना तो का बरोबर घेतला, मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"फार नीट लिहिलंय. शिकलेल्या माणसांनाही रोग्याला असं विचारता येत नाही. चढावरचा दम, संध्याकाळची सूज, बसून झोपणं, सगळं क्रमानं आहे. हृदय थकलं की आधी ते असंच कळवतं. पायांत पाणी साठतं, मग छातीत. लोक म्हणतात, अंग धरलं." त्यांनी कागद उलटून पाहिला. "कधी लिहिलंत?"

"फाल्गुनात."

त्यांनी कागद घडी करून मेजावर ठेवला. मीच विचारले, "तेव्हा आणला असता तर?"

"तेव्हा चालणं बंद केलं असतं, मीठ बंद केलं असतं, औषध होतं. बरा झाला असता असं मी म्हणत नाही. पण आणखी काही पावसाळे पाहिले असते त्यानं." मग त्यांनी विचारले, "मग हा कागद इतके दिवस होता कुठं?"

"माझ्या मेजाच्या खणात," मी म्हणालो.

नथूबा त्यानंतर तीन दिवस होता. औषधाने दुसऱ्या दिवशी त्याला थोडा उतार पडला. मी उशाशी बसलो होतो. त्याने मला खूण करून जवळ बोलाविले.

"भाऊसाहेब, त्यो दाक्तर तुमचा कागूद वाचत व्हता न्हवं? मी पडल्या पडल्या ऐकत व्हतो. खिंडीचं आलं त्यात. उंबराचं आलं. पायाचं बी आलं." दम घेत घेत तो बोलत होता. "मागनं मला वाटाया लागलं व्हतं, तुमी माझं मन राखाया म्हनलात. गरिबाच्या पायाचं कोन लिवतंय? तुमच्यावर इस्वास ठेवला न्हाई, माफी करा."

मी त्याचा हात धरला. सांगावयाचे होते की तो कागद निराळा, अर्ज निराळा. "नथूबा, तो कागद…" इतके म्हणालो, आणि त्याच्या तोंडावरचे समाधान पाहून त्याचे पांघरूण सारखे केले. मरणाऱ्या माणसाने माझी क्षमा मागितली आणि मी ती स्वीकारली, हे माझ्या नावावरचे सर्वांत मोठे खोटे.

आता माझ्या मेजापुढे कोणीही बसला की मी त्याला अर्जाचा विषय नंतर विचारतो. आधी विचारतो की चढावर कुठे थांबतोस, उशाला किती घेतोस, संध्याकाळी वहाण चढते का. नडगीवर अंगठाही दाबतो. सोनामावशी आता थट्टा करीत नाही. कोणाच्या अंगावर काही चढलेले दिसले की तीच हाक मारते, "भाऊसाहेब, ह्येला बगा जरा." दोघांना मी स्वतः आगगाडीत बसवून लोणावळ्यास धाडले आहे.

येथवर सर्व लिहिले. खिंडीचे आले, उंबराचे आले, पायांचेही आले, आणि शक्य तेथे त्याच्याच शब्दांत आले. शेवटी रीतीप्रमाणे ती ओळ लिहावी म्हणून टाक उचलला: वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला. मग टाक खाली ठेवला. त्या ओळीची जागा मी कोरी सोडली आहे.