रुमालाखालचा हात

मला गुदगुल्या होतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे लिहून कबूल करणं शोभत नाही, पण गोष्ट सुरूच तिथून होते. बैलबाजारात पहिल्याच दिवशी एका व्यापाऱ्यानं रुमालाखाली माझ्या तळहातावर बोट फिरवलं आणि मी खिदळलो. चांगला मोठ्यानं.

आमच्या बाजूच्या त्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा कळवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. अशा वेळी हसणं म्हणजे समोरच्याच्या भावाला हसणं. व्यापाऱ्यानं हात झटकला. "बैल इकाले आणला का तमाशा दाखवाले?" म्हणाला आणि चालता झाला.

माझ्या मागं माझी धाकटी बहीण उभी होती. सौदा तिचा होता. माझा फक्त हात होता.

"दादा," ती म्हणाली, "काऊन हसून राह्यला? तुले पाहाले पाव्हणे आले होते का?"

जानेफळात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बैलातलं मला एवढंच कळतं की शिंगं पुढच्या बाजूला असतात. बहिणीचा नवरा मात्र बैलांचा दलाल. पक्षाघातात त्याची उजवी बाजू गेली आणि त्याचं बाजारात जाणं बंद पडलं. खरं तर दलाली त्याची असली तरी नजर आधीपासून हिचीच. बैल चार पावलं चालला की ही सांगायची, मागचा डावा पाय नांगराला टिकणार नाही. वय आधी सांगायची आणि मग बैलाचं तोंड उघडून दात दाखवायची, तेही मालकाच्या खात्रीसाठी. एखादा बैल जुवाला जुंपला की बसतो, हे विकणाऱ्याच्या तोंडावर बोलायची.

ती बाजारात उभी राहिली तेव्हा कुणी हाकललं नाही. ताई म्हणाले, चहा पाजला. फक्त तिच्या हातात हात कुणी देईना.

"परक्या बाईचा हात कसा धरू, ताई? माही बायको काय म्हणीन?" एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

"मंग तोंडानं सांग भाव. मले ऐकू येते."

"तोंडानं सांगतला तं तो बाजार कायचा?"

म्हणून मी. ती माझ्या कानात आकडा सांगायची, मी रुमालाखाली बोटं दाबायचो, आणि थांबायची वेळ आली की ती मागून माझ्या कोपराला चिमटा काढायची. रुमाल ती दर आठवड्याला धुऊन आणायची. हळूहळू गुदगुल्याही कमी झाल्या. तीन वर्षं बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्या पुढे उभा राहिलो. पुढे. इथंच चुकलं असावं, पण तेव्हा ते मदतीसारखं दिसत होतं. पार मलकापूरकडचे शेतकरी विचारत यायला लागले. आधी "ती बाई कुठं हाय?" म्हणायचे, मग "ते दुकानदार कुठं हायेत?" मी एक-दोनदा म्हणालोही, "अहो, माझं काही नाही, सगळं तिचं." लोकांना तो माझा विनय वाटला. खरं सांगू? मलाही वाटला.

या वर्षी बाजार समितीचा नियम आला, ज्याच्या छातीवर बिल्ला तोच सौद्यात उभा राहील. जुन्या दलालांनी नाव सुचवायचं, त्याला बिल्ला. बहिणीनं स्वतःच्या नावानं अर्ज केला. फोटो काढून आणला. बिल्ले वाटायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, बिल्ला भेटला का दादाची सुट्टी. मंग म्हणीन, हात धरा नाहीतं तोंडानं बोला. पण तो लावतात कुठं? पदराले का पोलक्याले?" दोघी खूप हसल्या. बिल्ला शर्टाच्या खिशासाठी केलेला, हा प्रश्न आजवर कुणाला पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या लिंबाखाली सगळ्यात जुना दलाल नावं वाचत होता. बहिणीच्या नावापाशी थांबला.

ती पुढे झाली. "काका, माह्या सांगण्यावर घेतलेला एक तरी बैल वापस आला का? सांगा."

"नाही आला, बाई. खोटं काऊन बोलू? तुह्यासारखी पारख इथं कोणाले नाही. पण तुह्या हातात हात देईन कोण?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्याचा चेहरा मोकळा झाला. "असं करू. तुह्या भावाले देतो. घरातच राह्यते न? हात तं त्याचाच हाय."

कुणाला काही बोलायला सुचायच्या आत त्यानं माझ्या खिशाला बिल्ला लावला, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. दुकानदाराला सवय असते, कुणी हातावर काही ठेवलं की तोंडातून शब्द निघून जातो. मी म्हणालो, "आभारी आहे."

बहिणीनं हातातला रुमाल चौघडी करून माझ्या खांद्यावर ठेवला. "धुतलेला हाय," एवढंच म्हणाली आणि गावाकडे जाणाऱ्या जीपकडे चालू लागली.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. एका शेतकऱ्यानं जोडी पुढे आणली. "शेठ, पाहा बरं." मी बैलाचं तोंड उघडलं. त्यानं माझी बाही चाटली. दात किती होते ते आजही सांगता येणार नाही. बिल्ला परत द्यायला गेलो, तर तो म्हातारा दलाल म्हणाला, "आता नाव चढलं. पुढच्या साली पाहू." बहिणीकडे गेलो. ती दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदायला निघाली होती. चल म्हटलं, तर म्हणाली, "कायले? तुह्या मागं उभी राहाले?" खाटेवर पडलेल्या तिच्या नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्यासोबत रस्त्यापर्यंत चालत गेलो. समोरून एक खिल्लारी जोडी आली, घुंगरं वाजत होती. तिनं मान वर केली नाही.

बिल्ला दुकानाच्या गल्ल्यात आहे, खोडरबरांच्या डब्याशेजारी.

परवा जेवताना बायकोपुढे मीच तो विषय पुन्हा काढला. म्हणालो, मी तरी काय करणार होतो? मी तर नुसता हात होतो.

तिनं ताटात भाकर टाकली. "हाव," म्हणाली, "नुसता हात होते तुमी. मंग त्या दिवशी 'आभारी आहे' म्हणलं, ते तोंड कोणाचं होतं?"