तरोटा आणि पोळपाट

“नाव विचारल्याशिवाय उपटायचं नाही!” नेहरू नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, आणि खाली खुरपं घेऊन बसलेला माणूस पोलीस आल्यासारखे हात वर करायचा.

हे वाक्य मला का भिडलं, ते सांगते. लहानपणी आम्ही आनंद नगरात राहायचो. बाबा ठेकेदाराकडे मजूर. काम नसलं की आई रस्त्याकडेचा तरोटा, पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानभाजी, खुडून आणायची, लसूण-मिरचीत परतायची. हिंदी बोलणाऱ्या शेजारणी विचारायच्या, “आज फिर घास पकी है?” आई कढईवर झाकण ठेवायची. त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी.

काकू मूळच्या वर्ध्याकडच्या. झाडं ओळखणारं ॲप त्यांच्या फोनवर मीच टाकून दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी बांगड्यांच्या हातात तरोट्याची डहाळी धरून फोटो काढला. फोन म्हणे, झाड दिसत नाही. “आंधळा आहे मेला!” मग आतून पांढरा संगमरवरी पोळपाट आणला, त्यावर डहाळी मांडली. लगेच लांबलचक शास्त्रीय नाव आलं.

“बघ गं, आपल्या तरोट्याचं केवढं नाव! अन् म्हणे गवत.”

तेव्हापासून बगलेत पोळपाट, हातात फोन. ॲप चुकलं तर त्यालाच झापायच्या. खाण्याच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकायच्या नाहीत. “नाव फोननं सांगावं, पोटाचं मी बघते.” लहानपणापासून खाल्लेली भाजी, तेवढीच त्यांच्याकडे शिजायची.

ती भाजी उगवायची कॉलनीमागच्या मातीच्या पट्टीत. समितीच्या सचिवांनी तिथे गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं.

“भाभीजी, वहाँ है क्या? जंगली घास!”

“नाम पूछा उसका?”

“नाम पूछने से घास सब्जी हो जाएगी?”

“नाम पता होगा, तो उखाड़ते शरम आएगी.”

काकूंनी घरोघरी दारं वाजवली. जमीन सपाट करायचं मशीन आलं त्या सकाळी पट्टीच्या तोंडाशी पोळपाटांची रांग होती. लाकडी, स्टीलचे, कडा उडालेले. प्रत्येकावर तिथलंच एक रोप, आणि मागे त्याचं नाव दाखवणारे फोन घेऊन आम्ही बायका. माझ्यासमोर आईचा पोळपाट होता.

ड्रायव्हर खाली उतरला. “साहब, चकले पे से मशीन नहीं चलाऊँगा. रोटी बनती है इसपे.”

“अरे, तो हटा दो!”

“आप ही हटाओ.”

सचिव वाकले. पहिला पोळपाट त्यांच्याच घरचा होता.

“हात तर लावा,” त्यांची बायको म्हणाली, “संध्याकाळी पोळ्या कशावर लाटू, तेही सांगा.”

मशीन परत गेलं.

पुढे काकू वारल्या. आता ती गॅलरी बंद असते आणि खुरपंवाला सवयीनं वर बघतो. तुमच्याही कॉलनीत अशी एखादी काकू असेल, तर तिच्याशी वाद घालू नका, हरालच. यंदाच्या पावसाळ्यात मी भरदिवसा, सगळ्यांदेखत, ओंजळभर तरोटा खुडून घरी नेला. कुणी त्याला गवत म्हटलं नाही.

पेव्हर ब्लॉक बसले नाहीत. पट्टी मातीचीच आहे.