मूठभर साखर

सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग लागली होती, साखरेच्या डब्यापासून थेट खिडकीपर्यंत. मी फडकं उचललं, तर मागून दादा म्हणाला, "राहू दे गं, माझ्या ओळखीच्या आहेत."

माझ्या या भावाला आतड्याचा कॅन्सर झालाय आणि सध्या किमो चालू आहे. औषध घेऊन आला की पुढे काही दिवस त्याला गार काही सोसत नाही. नुसता स्टीलचा पेला धरला तरी बोटांना मुंग्या येतात. म्हणून मी त्याला पाणीही कोमट करून देते, आणि फ्रिजला हात लावलास तर बघ, असा दमही देते. मोठ्या भावाला दम द्यायला मिळतो, हेही काही कमी नाही.

पण काय शब्द आहे आपला! आजार एवढा थोरला आणि त्याच्या त्रासाला नाव मुंग्यांचं. लहानपणी मांडी घालून बसलं की माझा पाय बधिर व्हायचा, मग मुंग्या येऊन मी भोकाड पसरायची. तेव्हा दादा सांगायचा, "रडतेस काय? पाय जागा होतोय तुझा."

आज मी तेच त्याला ऐकवलं. तो खुशीत हसला.

"असं कर, खिडकीत चिमूटभर साखर ठेव. ओट्यावरच्या तिकडे जातील, त्यांच्या मागोमाग माझ्याही निघतील."

मी चांगली मूठभर ठेवली.